डब्यातले जेवण की डब्यातली भुकटी?

सांगलीच्या एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. चिरंजीव इंजिनिअर. दोन वर्षांपूर्वी बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला लागले. दिवाळीनंतर ताई पहिल्यांदाच त्याची खोली पाहायला गेल्या. सोबत अर्थातच लाडू, चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट. खोलीच्या खिडकीत काळ्या रंगाचे पाच मोठाले प्लॅस्टिकचे डबे ओळीने मांडलेले. ताईंना वाटले, बरे झाले, फराळ भरायला डबे आयतेच मिळाले. एकाचे झाकण उघडले तर आत व्हॅनिलाच्या वासाची भुकटी! तेवढ्यात चिरंजीव ओरडले, "अगं आई, त्याला हात लावू नकोस. ते माझं जेवण आहे."

ताईंना आधी हसू आले, मग रडू. चार दिवस राहून त्यांनी जे पाहिले ते असे. सकाळी पाण्यात एक चमचा भुकटी ढवळून पिणे. दुपारी ऑफिसात पुन्हा तेच, वर एक प्रोटीन बार. संध्याकाळी व्यायामशाळेतून आल्यावर तिसरा चमचा आणि दुसरा बार. आणि रात्री अकरा वाजता भूक अनावर झाली की फोनवरून मागवलेली बिर्याणी. महिन्याचा खर्च विचारला, तर बिर्याणी सोडून सोळा हजारांच्या वर. पोट साफ होत नाही, दुपारी डोके दुखते, हे मात्र त्याने शेवटच्या दिवशी कबूल केले.

ताईंचे दोन प्रश्न आहेत. "यानं माझ्या मुलाच्या तब्येतीला अपाय होईल का? आणि एवढे पैसे घालून त्याला खरोखर काही जास्त मिळतंय का?" प्रश्न एकट्या ताईंचे नाहीत. पुणे, हैदराबाद, बंगळुरू, जिथे जिथे मुले घरापासून दूर एका खोलीत राहतात, तिथल्या कितीतरी आयांचे आहेत. म्हणून आज पत्राचे उत्तर इथेच देऊ.

मुलाची बाजू

आधी मुलाची बाजू ऐकू या. इलेक्ट्रॉनिक सिटी हे काही आपल्या पेठेसारखे गाव नव्हे. १९७८ मध्ये कर्नाटक सरकारच्या 'केओनिक्स' या महामंडळाने कोनप्पना अग्रहार आणि दोड्डतोगूर या खेड्यांच्या ३३२ एकरांवर ही वसाहत आखली. त्यामागे आर. के. बाळिगा यांची दृष्टी होती. १९८१ मध्ये आपल्या पुण्यात जन्मलेली आणि १९८३ मध्ये बंगळुरूला गेलेली इन्फोसिस पुढे इथेच स्थिरावली. मूळ शहर दूर, होसूर रस्त्यावरची गर्दी प्रसिद्ध. २०१० मध्ये उंचावरून जाणारा रस्ता झाला, ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिकाही बोम्मसंद्रापर्यंत आली. पण कामाच्या वेळा काही बदलल्या नाहीत. अमेरिकेत सकाळ झाली की इकडच्या मुलांच्या मीटिंगा सुरू.

राहायचे ते पेइंग गेस्ट म्हणून. त्याला तिकडे सगळे 'पीजी' म्हणतात. भाड्यात बहुधा जेवण धरलेले असते, पण ते ठरलेल्या वेळेला आणि बहुतेक वेळा भाताचे. आपल्या मुलाला हवी पोळी किंवा भाकरी. तो परत येईपर्यंत सांबाराच्या पातेल्याचा तळ दिसू लागलेला असतो. खोलीत शेगडी ठेवायला मनाई. अशा वेळी भुकटीचा डबा अगदी शहाण्यासारखा वाटतो. भांडी नाहीत, रांग नाही, आणि डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले 'चोवीस ग्रॅम प्रोटीन'. हिशेबी मुलाला हा हिशेब पटतो. म्हणून त्याला रागावू नका. त्याचाच हिशेब आपण पुरा करून पाहू.

ही भुकटी असते तरी काय?

दूध नासले किंवा घरी पनीर केले की जे हिरवट पिवळे पाणी सुटते ते आपण टाकत नाही, कणकेत घालतो. त्या पाण्यात उत्तम प्रतीची प्रथिने असतात. चीज करणाऱ्या कारखान्यांत असे पाणी ढिगाने उरते. ते गाळून, आटवून, सुकवून जी भुकटी होते तीच 'व्हे प्रोटीन'. तेव्हा ती विष नाही, जादूही नाही. आपल्या ओळखीचाच पदार्थ शहरी कपडे घालून आला आहे, इतकेच.

अशी भुकटी करण्याची कल्पनाही काही परदेशातून नवी आलेली नाही. बंगळुरूच्या शेजारी म्हैसूरला १९५० मध्ये केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी शेंगदाण्याचे आणि हरभऱ्याचे पीठ एकत्र करून भरपूर प्रथिनांचे एक स्वस्त मिश्रण तयार केले होते. ते होते ज्यांच्या ताटात डाळ पडत नव्हती अशांसाठी. आज भुकटी विकत घेतो तो, ज्याला डाळ परवडते पण जेवायला बसायला वेळ नाही.

गरज किती?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये ठरवलेले प्रमाण असे : निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने. म्हणजे ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीला ४६ ग्रॅम. नियमाने वजने उचलणाऱ्याला थोडी जास्त लागतात. पण दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅमच्या वर कितीही खाल्ले तरी स्नायू आणखी वाढत नाहीत, असे याच संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे.

आता ताईंच्या मुलाची बेरीज करू. तीन चमच्यांतून ७२ ग्रॅम आणि दोन बारमधून ४०, एकूण ११२ ग्रॅम. त्याचे वजन ६५ किलो धरले तर गरजेच्या दुप्पट, आणि व्यायाम करणाऱ्याच्या वरच्या मर्यादेच्याही थोडे पुढे. पण कॅलरी? पाण्यात ढवळलेला एक चमचा साधारण १२० कॅलरी देतो आणि एक बार सव्वादोनशेच्या आसपास. सगळे मिळून आठशे ते साडेआठशे. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला लागतात २,११० कॅलरी!

इथेच खरी गोम आहे. अंगाला जळण कमी पडले की शरीर खाल्लेली प्रथिनेच जाळू लागते. म्हणजे महागामोलाचे चंदन आणायचे आणि चुलीत सरपण म्हणून घालायचे. उरलेली भूक रात्री अकराच्या बिर्याणीवर भागवायची. दुपारचे डोके कशाने दुखते हे डॉक्टरांनी पाहावे, पण इतके अपुरे जळण हेही त्याचे एक कारण असू शकते.

आता पैशांचा हिशेब

भाव गावोगावी बदलतात, म्हणून मी सोयीचे ठोकळ आकडे धरते. तुम्ही आपल्या दुकानातले भाव घालून पाहा. रीत सोपी आहे : वस्तूची किंमत भागिले तिच्यातली प्रथिने.

किलोभर भुकटीचा डबा तीन हजारांचा. त्यात तीस चमचे. म्हणजे एक चमचा शंभर रुपयांना आणि एक ग्रॅम प्रथिन चार रुपयांच्या वर.

वीस ग्रॅम प्रथिनांचा बार १२० रुपयांना. ग्रॅमला सहा रुपये.

पनीर किलोला चारशे, त्यात प्रथिने १८० ग्रॅम. ग्रॅमला सव्वादोन रुपये.

दूध लिटरला पन्नास, प्रथिने ३२ ग्रॅम. ग्रॅमला दीड रुपया.

अंडे सात रुपयांना, प्रथिने सहा ग्रॅम. ग्रॅमला सव्वा रुपयाच्या आत.

तूरडाळ किलोला १४०, प्रथिने २२० ग्रॅम. ग्रॅमला ६५ पैसे.

शेंगदाणे किलोला दीडशे, प्रथिने अडीचशे ग्रॅम. ग्रॅमला ६० पैसे.

सोयाबीनच्या वड्या किलोला दीडशे, प्रथिने पाचशे ग्रॅमच्या वर. ग्रॅमला जेमतेम ३० पैसे.

पाहिलेत? बारमधले प्रथिन शेंगदाण्यातल्यापेक्षा दहापट महाग. कोणी म्हणेल, डाळीचे प्रथिन दुधाच्या तोडीचे नसते. खरे आहे. डाळीत जे आम्ल कमी असते ते धान्यात असते आणि धान्यात कमी असते ते डाळीत. म्हणून तर वरण-भात, भाकरी-पिठले, इडली-सांबार या जोड्या जमल्या. दोन्ही एका ताटात आली की उणीव बरीचशी भरून निघते. कसर धरून डाळ थोडी जास्त खाल्ली, तरी ती भुकटीपेक्षा कितीतरी स्वस्तच पडते.

तीन चमचे आणि दोन बार म्हणजे दिवसाला ५४० रुपये, महिन्याला १६,२०० रुपये. शिवाय पीजीच्या भाड्यातल्या जेवणाचे पैसे भरलेलेच, ते जेवण मात्र तसेच राहते. म्हणजे एकाच पोटासाठी दोनदा पैसे, आणि पोट तरी रिकामेच!

डब्यात काय नसते?

भुकटीत चोथा जवळजवळ नसतोच. दर दोन हजार कॅलरींमागे तीसेक ग्रॅम चोथा पोटात जायला हवा. तो येतो भाकरीतून, सालीच्या डाळींतून, भाज्या-फळांतून. तो नाही म्हणून पोट साफ नाही, इतके ते साधे असू शकते. काही बारमध्ये चोथा वेगळा घातलेला असतो. पण गोडीसाठी वापरलेल्या माल्टिटॉलसारख्या पदार्थांनी पोट फुगते, कधी ढाळही होतात. पालेभाजीतले फोलेट, फळांतले क जीवनसत्त्व, नाचणीतले कॅल्शियम हे काही नुसत्या प्रथिनाच्या मागोमाग येत नाही.

नुसत्या प्रथिनावर जगण्याचा प्रयोग जगात पूर्वी झालेला आहे. अमेरिकेत १९७६ च्या सुमारास वजन उतरवण्यासाठी प्रथिनांचे एक द्रव औषध फार गाजले. जनावरांच्या कातड्या-स्नायुबंधांपासून केलेले ते द्रव घ्यायचे आणि बाकी जेवण बंद. पुढच्या दीड-दोन वर्षांत अशा आहारावरच्या पन्नासहून अधिक माणसांच्या मृत्यूंची नोंद झाली, त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. कित्येकींच्या हृदयाचा ठेका बिघडला होता. आजची भुकटी त्या द्रवापेक्षा खूपच चांगली आहे आणि ताईंचा मुलगा तितका उपाशीही नाही. त्यांनी घाबरून जाऊ नये. धडा मात्र तोच आहे : प्रथिन हा जेवणाचा एक भाग आहे, जेवण नव्हे.

हे ओळखून २०१३ मध्ये अमेरिकेतल्या रॉब राइनहार्ट नावाच्या तरुण इंजिनिअरने सगळे पोषक घटक एकत्र केलेले 'सॉयलेंट' नावाचे पेय काढले. तेही आपल्या मुलांसारखेच, स्वयंपाकाला वेळ नको म्हणून. नुसत्या प्रथिनापेक्षा ही कल्पना नक्कीच पुढची. पण २०१६ मध्ये लोकांना उलट्या होऊ लागल्यामुळे त्याच कंपनीला आपले बार बाजारातून मागे घ्यावे लागले. सगळे जेवण एकाच डब्यातून येत असेल तर त्या डब्यातली एक चूकही मोठी होते. ताटात दहा जिन्नस असले की एखाद्याची उणीव दुसरा भरून काढतो.

डब्यावरच्या अक्षरांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-भुकट्या तपासल्या गेल्या आणि निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. जवळजवळ सत्तर टक्के डब्यांवर प्रथिनांचा आकडा बरोबर नव्हता. सुमारे चौदा टक्क्यांत बुरशीचे विष आढळले, तर आठ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेनेही शरीर कमावण्यासाठी अशा भुकट्या टाळाव्यात असा सल्ला दिला.

मग करायचे काय?

याच संस्थेने दोन हजार कॅलरींचे दिवसाचे ताट आखून दिले आहे. धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४००, फळे १००, डाळी-कडधान्ये किंवा त्याऐवजी अंडी-मांस ८५, शेंगदाण्यासारख्या तेलबिया आणि सुकामेवा ३५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर आणि तेल-तूप २७ ग्रॅम. प्रथिनांची बेरीज केलीत तर सत्तरच्या घरात जाते. म्हणजे ५४ ची गरज सहज भागते, भुकटीला हातही न लावता.

"पण मावशी, खोलीत शेगडी नाही!" हे चिरंजीवांचे म्हणणे मला इथे बसून ऐकू येते आहे. ठीक. शेगडी न पेटवता काय होते ते पाहू.

सकाळी दोन अंडी आणि पेलाभर दूध. अंडी उकडायचे छोटे विजेचे यंत्र मिळते. ते ठेवायची मालकांची हरकत नाही ना, एवढे विचारून घ्यावे. यात वीस ग्रॅम प्रथिने आली. अंडी चालत नसतील त्यांनी मूठभर फुटाणे आणि एक केळे दुधाबरोबर घ्यावे.

दुपारी ऑफिसच्या उपाहारगृहात भात किंवा पोळी, दोन वाट्या घट्ट डाळ किंवा सांबार, भाजी आणि वाटीभर दही. आणखी वीस ग्रॅम. मुले सांबाराचे नुसते पाणी घेतात, डाळ तळाशी राहते. वाढणाऱ्याला खालून ढवळून वाढायला सांगावे.

संध्याकाळी व्यायामानंतर मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम शेंगदाणे. वर गूळ आणि एखादे फळ. सात-आठ ग्रॅम. बारपेक्षा शेंगदाण्याची चिक्की काय वाईट?

रात्री पीजीतले जेवण, सोबत मोडाची मटकी किंवा मूग. रात्री भिजत घालावेत, सकाळी ओल्या फडक्यात बांधावेत, संध्याकाळपर्यंत मोड तयार. विजेच्या किटलीतल्या उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवावेत, पाणी काढून लिंबू, मीठ, कांदा घालावा. कच्चे मोड बाहेरच्या पाण्यात खाण्यापेक्षा हे बरे. पंधरा ते वीस ग्रॅम.

झाले पासष्ट ग्रॅम! यात अंडी, दूध, दही, शेंगदाणे आणि मटकी यांना वेगळे पैसे पडतात ते साधारण पन्नास रुपये. बाकीचे जेवण पीजीत आणि ऑफिसात. कोठे पन्नास आणि कोठे ५४०!

शिवाय मुलगा कर्नाटकात आहे, वाळवंटात नाही. तिथला 'मुद्दे' म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा. शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम तीनशे मिलिग्रॅमच्या वर असते. त्याबरोबर मिळते ते 'हुरुळी सारू' म्हणजे आपल्या कुळथाचे कढणच. 'कोसंबरी' म्हणजे भिजवलेल्या मूगडाळीची कोशिंबीर. थंडीत बाजारात 'अवरेकाळू' येतात, ते आपल्या पावट्यांचे भाऊ. आणि बसवनगुडीला कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी 'कडलेकायी परिषे' भरते. ती जत्रा आहे चक्क शेंगदाण्यांची! ज्या शहरात शेंगांची जत्रा भरते, तिथे प्रथिन सातासमुद्रापलीकडच्या डब्यातच शोधायला हवे असे नाही.

भुकटी कोणी घ्यावी?

भुकटीवर सरसकट बहिष्कार घाला असे मी म्हणत नाही. मोठ्या आजारातून किंवा शस्त्रक्रियेतून उठलेले, दात नसलेले वृद्ध, स्पर्धेत उतरणारे खेळाडू यांना डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ ती सांगतात. निरोगी तरुणाने धावपळीच्या दिवशी जेवून वर एखादा चमचा दुधात घेतला तर काही बिघडत नाही. मात्र मूत्रपिंडाचा विकार असेल त्याने विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये. प्रथिनांचा कचरा बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडालाच करावे लागते. ताईंच्या मुलाने महिनाभर नीट जेवूनही पोटाची आणि डोक्याची तक्रार राहिली, तर डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्यावे.

आता ताईंसाठी एक गोष्ट. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे, "मी रोज फोनवर विचारते, जेवलास का? तो रोज हो म्हणतो. मग मला कळलं कसं नाही?" ताई, तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या लेखी तो जेवलाच होता. चूक तुमची नाही, प्रश्न तेवढा बदला. "जेवलास का?" ऐवजी "काय जेवलास?" असे विचारा. आणि कोणाबरोबर जेवलास, हेही विचारा. एकट्याने पाणी ढवळून पिणाऱ्या मुलाला बरेचदा ताटापेक्षा पंगतच हवी असते. पीजीत त्याच्यासारखी आणखी मराठी मुले असतीलच. चौघांनी मिळून मटकी भिजवली तर मोडही येतील आणि गप्पाही होतील.

आणि हो, ते डबे फेकायला लावू नका. संपतील तसे धुऊन, उन्हात वाळवून ठेवायला सांगा. एकात शेंगदाणे, एकात फुटाणे, एकात चिक्की, एकात मेतकूट, पाचव्यात तुमचा चिवडा. पहिल्या दिवशी तुम्ही त्या डब्यांकडे पाहून जे मनात आणले होते, तेच बरोबर होते.